दाराच्या अलीकडे

चष्मेवाला वाचला तो गाडी चुकीच्या जागी उभी केली होती म्हणून. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना असा हसायचा की ऐकणाऱ्याला कुठं बघावं कळायचं नाही.

त्याची एकुलती एक लेक परदेशात नोकरीला होती. ती बऱ्याच दिवसांनी घरी येणार म्हणून नवराबायको दोघंही तिला घ्यायला विमानतळावर गेले. बायकोनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीच्या खोलीतले पडदे बदलले, उशांचे अभ्रे बदलले, नवऱ्याचा शर्टसुद्धा बदलायला लावला. "ती मला बघायला येतेय की शर्टाला?" असं तो म्हणाला, पण शर्ट बदलला.

विमानतळाच्या दारापुढं गाडी थांबली न थांबली तोच शिट्टी वाजली. तिथं एक माणूस फक्त शिट्ट्या मारायला नेमलेला होता. काचेवर थाप मारून तो म्हणाला, "चला, चला, गाडी पुढं घ्या. इथं थांबायचं नाही."

"अहो, बाईमाणसाला उतरू तर द्या."

"उतरल्या ना? मग चला."

बायको हसत उतरली. "तुम्ही लावून या गाडी. मी आत थांबते. पोरगी बाहेर आली आणि समोर कुणीच दिसलं नाही तर चेहरा पडेल तिचा."

चष्मेवाला गाड्या लावायच्या इमारतीत शिरला आणि एकेक मजला चढत गेला. जागा म्हणून नव्हती. वरच्या मजल्यावर एकदाची सापडली. गाडी लावतोय तोवर बायकोचा फोन आला.

"अहो, आलात का?"

"अगं, गाडीला जागा तर मिळू दे. इथं नुसता बाजार भरलाय."

"विमान उतरलंय म्हणे. आणि ऐका ना, इथं खांबाशी कुणाची तरी बॅग पडलीय. मघापासून बघतेय, कुणी न्यायलाच येत नाही."

"मग सांग की कुणाला तरी."

"सांगितलं ना. त्या आतल्या दारावर माणूस आहे त्याला. तो म्हणतो, बाई, माझं काम दाराचं, हॉल दुसऱ्या कंपनीकडे आहे. त्यांचा माणूस म्हणे वर बसतो."

"मग वर जा."

"आणि तेवढ्यात ही बाहेर आली म्हणजे? तुम्ही या, मग जाते."

"आलोच."

तो जिन्यात होता तेव्हा आवाज झाला. त्याला वाटलं, कुठंतरी मोठं शटर पडलं. मग खालून माणसं पळत वर यायला लागली, आणि ती सगळी वर येत असताना चष्मेवाला एकटाच खाली चालला होता. "ओ काका, तिकडं नका जाऊ," म्हणून कुणीतरी त्याची बाही धरली. नवीन शर्टाची बाही खांद्यापासून उसवली आणि तो तसाच गेला.

लेक तेव्हा आतल्या बाजूला सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होती. मधल्या दाराच्या काचा फुटून तिच्या कपाळाला लागल्या, टाके पडले. ती वाचली. तिची आई दाराच्या अलीकडे, खांबापासून हाकेच्या अंतरावर उभी होती. तिच्याबरोबर आणखी बरीच माणसं गेली. कुणी नातवाला घ्यायला आलेलं, कुणी साहेबाच्या नावाची पाटी धरून उभा असलेला ड्रायव्हर. त्यांच्यातल्या एकालाही कुठं उडून जायचं नव्हतं. ती सगळी कुणाची तरी वाट बघत होती, एवढंच.

पुढं चष्म्यांचं दुकान पुन्हा उघडल्यावर गिऱ्हाईक सांत्वनाला यायचं आणि जाताना हमखास म्हणायचं, "पण एवढी तपासणी असते हो विमानतळावर!"

चष्मेवाला हातातली काच पुसत म्हणायचा, "असते ना. विमानात बसणाऱ्याची असते. त्याचे बूट काढतात, पट्टा काढतात, नेलकटर काढून घेतात, पाण्याची बाटली ओतायला लावतात. अलीकडे थांबणाऱ्याला कोण विचारतोय? त्या हॉलमध्ये तुम्ही कपाट घेऊन गेला असतात तरी कुणी हटकलं नसतं."

"कॅमेरे असतील की."

"होते. दुकानांवर होते. चॉकलेट चोरीला जायची भीती असते."

गिऱ्हाईक मग चष्मा न घेताच जायचं.

चौकशी समिती बसली. चष्मेवाल्याला बोलावणं आलं तेव्हा त्याला मनापासून बरं वाटलं. त्याला वाटलं, आता हे सगळं एकदा नीट सांगता येईल. दार एकाचं, हॉल दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा आणि पोलीस चौथेच. माणूस मात्र एकच असतो, तो या सगळ्यातून चालत जातो. बायकोचा तो फोन म्हणजे अख्ख्या कारभाराचा पंचनामा होता. तो लेकीला म्हणाला, "तुझी आई जाताना यांना दाखवून गेलीय, भोक कुठं आहे ते."

समितीची खोली थंडगार होती. लांब टेबलामागं साहेब मंडळी बसली होती. त्यानं फोनवरचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

अध्यक्षांनी मान हलवली. "म्हणजे तुमच्या पत्नीनं दारावरच्या रक्षकाला बॅगेची स्पष्ट कल्पना दिली होती."

"दिली होती साहेब. पण तो काय म्हणाला ते महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, हॉल दुसऱ्या—"

"कल्पना दिली होती की नव्हती, एवढंच सांगा."

"दिली होती, पण—"

"आणि रक्षक जागचा हलला नाही."

"नाही हलला. हलायची परवानगीच नव्हती त्याला, असं—"

"धन्यवाद. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

त्याला बाहेर आणून सोडलं तेव्हा त्याचं अर्ध्याहून जास्त बोलणं तोंडातच राहिलं होतं.

अहवाल आला तो दुपारच्या वेळी. विमानतळाच्या जनसंपर्क खात्यातल्या एका बाईंकडे मृतांच्या नातेवाइकांची देखभाल सोपवलेली होती. बाई स्वभावानं गोड होत्या. त्यांचा फोन आला. "काका, एक चांगली बातमी. न्याय मिळाला."

"कुणाला?"

"म्हणजे, जबाबदारी निश्चित झाली. दारावरच्या रक्षकाचा हलगर्जीपणा सिद्ध झालाय. त्याला काढून टाकलं, आणि यापुढं त्याला या क्षेत्रात कुठंही काम मिळणार नाही."

"आणि कंपन्या? तो हॉल सांभाळणारा? वर बसणारा?"

"त्यांच्या बाबतीत समितीला काही आढळलं नाही. काका, तुमची साक्ष फार मोलाची ठरली."

चष्मेवाल्यानं फोन ठेवला. समोर एक आजोबा डोळे तपासायला बसले होते. "खालची ओळ वाचा," असं तो त्यांना म्हणाला, आणि आजोबांनी वाचली की नाही याकडे त्याचं लक्षच नव्हतं. बायकोचं शेवटचं बोलणं त्यानं स्वतःच्या तोंडानं नेऊन दिलं होतं आणि त्यांनी ते घेऊन एका पोट भरणाऱ्या माणसाच्या गळ्याभोवती आवळलं होतं.

रक्षकाचा पत्ता काढायला त्याला फार कष्ट पडले नाहीत. एका जुन्या इमारतीत, लिफ्ट बंद पडलेली, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार रक्षकाच्या बायकोनं उघडलं. तिनं त्याला वर्तमानपत्रातल्या फोटोवरून ओळखलं.

"आता काय न्यायला आलात?" ती म्हणाली. "काही राहिलेलं नाहीये घरात."

"वहिनी, मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोललात की तुम्ही समितीपुढं. सगळ्या जगानं ऐकलं."

आतून आवाज आला, "येऊ दे गं त्यांना."

रक्षक खिडकीशी बसला होता. वयानं चष्मेवाल्याहून बराच लहान. स्फोटात त्याचा एक कान गेला होता, त्यामुळं बोलणाऱ्याकडे तो मान वळवून बसायचा. त्या कानाबद्दल समितीनं त्याला काहीच विचारलं नव्हतं. चष्मेवाला त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसला. मग तो म्हणाला, "मी वेगळं सांगायला गेलो होतो."

"माहितीय काका. मी बाहेरच्या बाकावर होतो. ऐकू येत होतं, या कानानं."

"तुम्ही का नाही सांगितलंत त्यांना, दार सोडायची परवानगी नव्हती म्हणून?"

"सांगितलं. म्हणाले, परवानगी नव्हती असं कुठं लिहिलंय ते दाखवा. अशी गोष्ट कुणी लिहून देतं का? आमच्यातल्या एकानं आधी एकदा दार सोडलं होतं. म्हातारी घेरी येऊन पडली होती, तिला उठवायला गेला. तेवढ्यात कुणीतरी आत घुसलं. संध्याकाळी त्याचा बिल्ला काढून घेतला." त्यानं मान आणखी वळवली. "काकूंनी मला सांगितलं, हे खरंय. मी ती बॅग बघितली, हेही खरंय. मी दार सोडलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. नाही सोडलं, तर जरा उशिरानं गेली."

आणि मग, खिडकीकडं बघत, "काकू चांगल्या होत्या हो. मला रागावल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, बरं बाबा, तू तुझं दार सांभाळ."

हे चष्मेवाल्याला नवीन होतं. फोनवर ती हे बोलली नव्हती. बायकोचं आणखी एक वाक्य त्याला मिळालं आणि ते कुठं ठेवावं हेच त्याला कळेना. उठताना तो म्हणाला, "माझ्या हातून होईल ते करतो तुमच्यासाठी."

रक्षकाची बायको दारातच उभी होती. "नका करू," ती म्हणाली. "मागच्या वेळी केलंत तेवढं बास झालं."

वर्ष होत आलं. लेक महिनाभराची रजा काढून बापाजवळ राहायला आली. त्याच सुमाराला जनसंपर्कवाल्या बाईंचा पुन्हा फोन आला. विमानतळाची सुरक्षा पार नव्यानं उभी केली होती, तिचं उद्‌घाटन होतं, आणि वरिष्ठांची फार इच्छा होती की फीत काकांच्या हातून कापली जावी.

"मी येतो," चष्मेवाला म्हणाला, "पण त्या दारावरच्या माणसाला परत कामावर घ्या. कुठंही घ्या. बागेला पाणी घालायला घ्या."

"मी वर बोलते काका."

चार दिवसांनी बाई म्हणाल्या, "सगळे अगदी सकारात्मक आहेत." चष्मेवाल्यानं त्यावर विश्वास ठेवला. लेक म्हणाली, "बाबा, सकारात्मक म्हणजे नाही." तो तिच्यावर खेकसला आणि मग दिवसभर तिच्या मागं मागं फिरत राहिला.

समारंभाच्या सकाळी बापलेकीला न्यायला गाडी आली. ती त्यांना मागच्या खास फाटकातून थेट आत घेऊन गेली. हॉल ओळखू येत नव्हता. खांबांना नवी फरशी चढवली होती, फुलांच्या कुंड्या होत्या आणि माणसं मात्र नव्हती. सगळा हॉल झाडून रिकामा. बाहेरच्या मुख्य दारातच आता तपासणीची मोठी यंत्रं बसवली होती. यापुढं तिकीट असलेल्यालाच आत प्रवेश, आणि तोही सामानाची, अंगाची तपासणी झाल्यावर. पोचवायला, घ्यायला येणाऱ्यांनी बाहेर थांबायचं.

बाईंनी तबकातली कात्री पुढं केली. त्यानं हळूच विचारलं, "त्या माणसाचं काय झालं?"

"ते प्रक्रियेत आहे काका. हं, इकडं बघा, कॅमेऱ्याकडं."

फीत कापली गेली, टाळ्या झाल्या, आणि दारावरचा पडदा बाजूला सरकला. काचेपलीकडं चष्मेवाल्याला रांग दिसली. समारंभासाठी माणसं अडवून धरली होती. दारापासून सुरू झालेली रांग पदपथावरून वळसे घेत रस्त्याच्या कडेकडेनं गाड्यांच्या इमारतीपर्यंत गेली होती. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, बॅगांचे डोंगर, आणि त्यांना पोचवायला आलेले आप्त. त्यांना चाटून टॅक्सी, बस, मालाचे टेम्पो चालले होते. रांगेत कोण कुणाबरोबर आहे, कुठली बॅग कुणाची, देवालाच ठाऊक.

शेजारी एक पिकल्या केसांचा गृहस्थ चहाचा कप घेऊन उभा होता. विमानतळानं पैसे मोजून बोलावलेला सुरक्षेचा सल्लागार. चष्मेवाल्यानं त्याला विचारलं, "हे तुम्ही करायला सांगितलंत?"

सल्लागारानं आजूबाजूला बघितलं. "मी बरोबर उलटं सांगितलं होतं. म्हटलं, गर्दी साचू देऊ नका, कुठंच. जी काही तपासणी असेल ती झटपट उरका. चार माणसं हॉलमध्ये सतत फिरती ठेवा, आणि सगळ्या कंपन्यांच्या वर एकच माणूस नेमा, ज्याला कुणालाही न विचारता हॉल रिकामा करता येईल."

"मग?"

"मग काय? फिरत्या माणसाचा फोटो चांगला येत नाही. यंत्राचा येतो. त्यांना दिसणारी सुरक्षा हवी होती." त्यानं कप खाली ठेवला. "मी माझं सांगितलं. माझं काम तेवढंच."

चष्मेवाल्यानं त्याच्याकडं इतका वेळ बघितलं की तो गृहस्थ दुसऱ्या कोपऱ्यात निघून गेला.

दोन शब्द बोलायला त्याला मंचावर नेलं. लेकीनं त्याचा हात एकदा दाबला. त्यानं ध्वनिक्षेपक धरला तेव्हा त्याचा आवाज अजिबात कापला नाही.

"माझी बायको या दाराच्या अलीकडे गेली," तो म्हणाला. "तुम्ही आता दार पुढं आणलंत. पण अलीकडची जागा संपली नाही साहेब. ती रस्त्यावर गेली. तिथली माणसं बघा, काचेतून दिसतायत. तुम्ही हॉल वाचवलात. फरशी वाचवलीत. त्यांना बाहेर ठेवलंत. आणि ज्या एका माणसाला शिक्षा केलीत, त्याचा गुन्हा काय? तुम्ही जे सांगितलं तेच त्यानं केलं."

चष्मेवाल्याला वाटलं, आता कुणीतरी चिडेल, ओरडेल, त्याला खाली ओढेल. त्याला ते हवंच होतं. पण पहिल्या रांगेत विमानतळाचे संचालक उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळेच वाजवू लागले. संचालकांनी पुढं येऊन त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "फार हृदयस्पर्शी," ते म्हणाले. बाईंनी खरोखरचे डोळे पुसले. "काका, किती मनापासून बोललात!"

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कात्री धरलेला फोटो आला. खाली छापलं होतं की दिवंगत पत्नीच्या आठवणीनं पती भारावले आणि नव्या सुरक्षाव्यवस्थेबद्दल त्यांनी भावना व्यक्त केल्या. दुकानात येणारी माणसं अभिनंदन करून गेली. त्यातल्या एकानं तर फोटो कापून लॅमिनेट करून आणला होता. चष्मेवाल्यानं तो घेतला, कारण माणूस भला होता, आणि तो गेल्यावर कात्रीनं बारीक बारीक तुकडे केले. तो कापत असताना लेक समोर बसून होती. तिनं त्याला थांबवलं नाही.

त्या आठवड्यात तो पुन्हा रक्षकाच्या घरी गेला, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते गाव सोडून गेले. तिच्या भावाच्या ओळखीनं कुठंतरी काम लागलंय म्हणे. तुम्ही कोण?" "ओळखीचा," असं म्हणून तो जिना उतरला.

रजा संपली. लेक निघाली त्या दिवशी तो तिला पोचवायला गेला. तिनं नको म्हणून पाहिलं, पण तो ऐकेना. ऊन चढलं होतं. रांग त्या दिवशीसुद्धा पार रस्त्यापर्यंत आली होती. दोघं शेवटी जाऊन उभे राहिले. पुढच्या बाईचं बाळ रडत होतं, मागचा माणूस फोनवर कुणाशी तरी भांडत होता, आणि रांग इंचाइंचानं सरकत होती. चष्मेवाला सारखा इकडंतिकडं बघत होता, बॅगा बघत होता, हात बघत होता. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की लेकही तेच करतेय.

"बाबा, तुम्ही जा आता."

"तू आत गेलीस की जातो."

"तुम्ही इथं नका थांबू."

"अगं, तू उभी आहेस ना इथं!"

"मला इलाज नाही. मला जायचंय. तुम्हाला इथं उभं राहायचं काय कारण आहे?" तिच्या कपाळावरची खूण लाल झाली होती. "मी पलीकडं पोचेन, आणि तुम्ही अलीकडं असाल. मला नाही चालणार ते. आईच्या वेळी मी काचेतून बघत होते, बाबा."

हे ती त्याला वर्षभरात पहिल्यांदाच बोलली होती. त्याला विचारायचं होतं, काय बघितलंस? त्यानं विचारलं नाही. तिनंही पुढं सांगितलं नाही. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, क्षणभरच, कारण मागच्या माणसानं "सरका की पुढं" म्हणून गाडा ढकलला.

"रस्त्याच्या पलीकडं जाऊन थांबा," ती म्हणाली. "तिथं गर्दी नाहीये. जा ना."

तो गेला. गाड्या चुकवत रस्ता ओलांडून पलीकडच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. मध्ये बस येत होत्या, टॅक्सी येत होत्या. रांगेतली माणसं दाराशी पोचली की एकेक करून आत जायची, सगळी पाठमोरी, सगळ्यांच्या पाठीवर सारख्याच काळ्या पिशव्या. त्यातली त्याची लेक कधी आत गेली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.